सोनटक्के बाईंचा नाताळ

मागच्या आठवड्यात वर्ध्याला एका मोठ्या दुकानात गेले होते. दाराशीच प्लास्टिकचं झाड उभं केलेलं, त्यावर कापसाचा बर्फ. कापसाच्या जिल्ह्यात कापसाचा बर्फ करायचा, म्हणजे काय बोलावं! झाडाच्या बुडाशी चकचकीत कागदात बांधलेल्या टोपल्या. टोपलीत एक मेणबत्ती, थोडी बिस्किटं, एक कप आणि एक लोकरी कानटोपी. वर पट्टी लावलेली: 'हँडमेड'. मी टोपी उलटी करून पाहिली. आत मशीनची सरळसोट शिवण आणि काठाशी कारखान्याचं लेबल. तिथल्या मुलीला विचारलं, "हे कोणाच्या हातचं आहे गं?" ती म्हणाली, "मॅडम, कंपनीचंच आहे. एकदम ओरिजिनल." माझं डोकं तापलं. आणि त्या तापल्या डोक्यात पहिल्यांदा कोण आलं असेल, तर सोनटक्के बाई. त्या असत्या तर ती टोपी त्यांनी तिथेच उसवून दाखवली असती आणि वरून मालकाला चार शब्द सुनावले असते.

एस्तेर सोनटक्के. देवळीच्या आमच्या शाळेत त्या शिवणकाम आणि कार्यानुभव शिकवायच्या, मी मराठी. पुढे मी त्यांच्याच कॉलनीत, त्यांच्या कुंपणाला लागून घर बांधलं, त्यामुळे शाळा सुटली तरी बाई सुटल्या नाहीत. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की घंटा वाजली नाही तरी शाळा भरावी. नाकावर घसरलेला चष्मा, आणि पदराला कायम टोचलेली दोरा ओवलेली सुई. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, तो लवकर गेला. मुलगी रूपा पुण्याला नोकरी करते. आमच्या कॉलनीत ख्रिस्ती घर तेवढं एकच होतं.

बाई रागीट होत्या. हे मी लपवणार नाही, कारण त्यांनीही कधी लपवलं नाही. शाळेत एकदा मुलांना घरून काहीतरी हातानं बनवून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर थर्माकोलच्या बंगल्यांची आणि मण्यांच्या मोरांची रांग लागली. सगळं बसस्टँडजवळच्या स्टेशनरीतून आणलेलं. पालक दाराशी उभे राहून कौतुकानं बघत होते. बाईंनी एकेक मोर उचलला आणि ज्याच्या त्याच्या बापाच्या हातात दिला. "तुमचा मोर तुमी घ्या. पोराचा कुठं हाय?" मागच्या बाकावरच्या एका मुलीनं चिंधीची वाकडी बाहुली आणली होती, एक हात लांब, एक आखूड. ती बाहुली त्यांनी वर्षभर वर्गाच्या खिडकीत ठेवली. पालकांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली. हेडमास्तरांनी बाईंना बोलावून समजूत घालायचा प्रयत्न केला. केबिनमधून बाहेर आले तेव्हा घाम हेडमास्तरांना फुटलेला होता.

पण त्यांच्या रागाचा खरा हंगाम नाताळ. पोळा झाला की बाई मशीनला तेल घालत. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत त्यांच्या खिडकीतून पायाच्या मशीनचा आवाज थांबायचा नाही. गावातल्या टेलरांकडून कात्रणं यायची, ओळखीच्या शेतातून कापूस यायचा, तो पिंजून घेतला जायचा, जुने स्वेटर उसवून लोकर धुऊन वाळत पडायची. कॉलनीतल्या प्रत्येक घरासाठी, शाळेतल्या जुन्या माणसांसाठी, चर्चमधल्या मैत्रिणींसाठी आणि पुण्याच्या नातेवाइकांसाठी काही ना काही तयार होत असायचं. कोणाला दुलई, कोणाला कानटोपी, कोणाला डब्याची पिशवी, कोणाच्या मोटारसायकलला सीटचं कव्हर. करंज्या आणि शंकरपाळेही करायच्या, पण ते खाऊन संपणारं, त्याला त्या भेट म्हणत नसत. "खाल्लं का गेलं. थंडीत आंगावर राह्यलं पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं.

कोणाला काय हवं हे विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. विचारलं की माणूस 'कशाला, कशाला' म्हणतो आणि मग स्वस्तातलं काहीतरी सांगतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यामुळे त्या नुसत्या बघत. कोणी बसताना गुडघ्यावर हात ठेवतं का, कोण सकाळी नळावर कान झाकून येतं, कोणाच्या डब्याची पिशवी तळाशी फाटली आहे. माप घ्यायची त्यांची एक खास रीत होती. भेटल्या की डोक्यावरून हात फिरवायच्या. समोरच्याला वाटायचं बाई आशीर्वाद देताहेत, आणि बाई कानटोपीचा घेर मोजत असायच्या. एका नव्यानं आलेल्या सरांच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं, इतक्या मायेनं हात फिरवला म्हणून. त्यांना मी खरं काय ते कधी सांगितलं नाही.

विकतच्या भेटींवर त्यांचा भारी दात. म्हणायच्या, "इकत आनून देनं म्हंजे दुकानदाराची ओळख करून देनं. तुमची ओळख कुठं झाली त्यात?" एका वर्षी त्यांच्या चर्चच्या कमिटीनं ठरवलं की या खेपेला सगळ्यांना स्टीलचे डबे द्यायचे, आणि डब्यावर देणगीदाराचं नाव कोरायचं. बाई भर सभेत उभ्या राहिल्या. डब्यात पोळी मावेल एवढी जागा ठेवा, सगळी जागा नावानंच भरली आहे, असं बोलून खाली बसल्या. पाळक बिचारे बायबल उघडून बसले. म्हणजे कोणी असं समजू नये की बाई फक्त परक्यांवर तापत. घरचा आणि दारचा असा भेद त्यांच्या रागाला ठाऊक नव्हता.

भेट ज्या पिशवीत घालून द्यायच्या ती पिशवीही त्यांनीच शिवलेली असायची, तोंडाला नाडी, आणि कोपऱ्यात त्या घरच्या बाईच्या नावाचं पहिलं अक्षर भरलेलं. पुरुषाचं नाही. एकदा आमच्या हेडमास्तरांनी गमतीनं तक्रार केली तर म्हणाल्या, "घर तुमच्या नावानं, गाडी तुमच्या नावानं, दारावरची पाटी तुमच्या नावानं. पिशवी तरी तिच्या नावानं राहू द्या, सर."

त्याच हेडमास्तरांच्या घरी पुढे एक प्रकार घडला. बाई काही कामानं मला घेऊन गेल्या, तर त्यांनी दिलेली उशी शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, ट्रॉफीच्या शेजारी. आणि हेडमास्तरांची म्हातारी आई लाकडी खुर्चीत पाठ वाकवून बसलेली. बाईंनी कोणाला न विचारता शोकेस उघडलं, प्लास्टिक टराटरा फाडलं आणि उशी म्हातारीच्या पाठीमागे नीट बसवली. "ही आजीच्या पाठीचं माप घेऊन केली होती. ट्रॉफीले पाठ असते का?" चहा न घेता निघून आल्या आणि घरी येईपर्यंत माझ्याशी त्या विषयावर भांडत होत्या, जसं काही शोकेस मीच बनवलं होतं.

मला त्यांनी पहिल्या नाताळाला खडू ठेवायची पिशवी दिली होती, कमरेला खोचायची, कारण माझ्या साड्या पांढऱ्या होताना त्यांना बघवत नव्हतं. माझ्या वडिलांसाठी, बुद्धवंदनेला बसायला, पांढऱ्या कापडाचं जाड आसन शिवलं, काठाला निळी पट्टी. वडील आधी संकोचले. म्हणाले, "तुमचा सण, अन् आमच्या वंदनेचं आसन शिवलं तुमी?" बाई म्हणाल्या, "कापडाले माप असते काका, धर्म नसते." वडील शेवटपर्यंत त्याच आसनावर बसले. शेजारच्या मंदाताई गुल्हानेंच्या देवघराला पडदाही बाईंनीच शिवला होता, चिमुकल्या झालरीचा. आणि दरवर्षी त्यांच्या पिशवीत फुलवातींची एक पुडी जादा असायची. नाताळची भेट म्हणून फुलवाती देणारी ख्रिस्ती बाई मी दुसरी पाहिली नाही.

रूपानं एकदा पुण्याहून मोबाईलवरून केक मागवून आईकडे पाठवला. वर छापील अक्षरात 'लव्ह यू मम्मी'. केक घेऊन आलेल्या माणसाला बाईंनी ओट्यावर बसवलं, अर्धा केक त्यालाच खाऊ घातला आणि त्याच्यासमोरच पोरीला फोन लावला. "केक पोचला. चांगला हाय. आता पोरगी कधी पोचते सांग." रूपा त्या नाताळाला तर नाही, पण संक्रांतीला आली.

आता त्या वर्षाचं सांगते.

आमच्या कॉलनीचा एक मोबाईल ग्रुप आहे. पाणी केव्हा येणार, लाइट केव्हा जाणार, कोणाच्या घरी सत्यनारायण आहे, हे त्याच्यावर कळतं. मंदाताईंचे यजमान, गुल्हाने साहेब, सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्या ग्रुपचे स्वयंघोषित पहारेकरी. डिसेंबरात त्यांनी कुठून तरी आलेला एक लांबलचक मजकूर तिथे टाकला. नाताळच्या निमित्तानं काही लोक घरोघरी वस्तू वाटतात, माणसांना नादी लावतात, धर्म बाटवतात, सावध राहा, असा. त्याखाली स्वतःचं एक वाक्य: 'आपल्याही कॉलनीत लक्ष असू द्यावे.' नाव कोणाचंच नाही. नावाची गरजही नव्हती.

मी तिथेच लिहिलं. लिहिलं की माझ्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला. पांढरं धोतर स्वच्छ धुऊन, गाठोड्यात भाकरी बांधून ते नागपूरला गेले. कोणी कानटोपी वाटतं म्हणून नाही गेले. माणूस धर्म कशासाठी बदलतो, त्यामागे किती पिढ्यांचं दुखणं असतं, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं दुसऱ्याच्या दुलईत डोकं घालू नये. एका गृहस्थांनी फक्त जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. ते मला होतं की गुल्हाने साहेबांना, आजपर्यंत कळलेलं नाही.

बाईही त्या ग्रुपवर होत्या. मी धावत गेले तर मशीनवर बसलेल्या. म्हणाल्या, "माह्यं नाव लिहिलं का त्यानं? नाई ना? मंग मी काऊन मनाले लावून घेऊ?" आणि मशीन चालू केलं. पण त्या दिवशी दोरा पुन्हा पुन्हा तुटत होता, आणि बाई दोऱ्याला शिव्या देत होत्या.

चोवीस तारखेला दुपारी त्यांनी नेहमीसारख्या पिशव्या वाटल्या. सगळ्यांनी घेतल्या. हसून घेतल्या, 'या ना बाई, बसा ना' असंही म्हणाले. तोंडावर नाही म्हणायची हिंमत एकाही घरात नव्हती. माझा खरा संताप तिथूनच सुरू होतो.

पंचवीसला सकाळी बाई नवी साडी नेसून, केसात शेवंतीचं फूल घालून वर्ध्याला चर्चमध्ये गेल्या. दुपारी बसनं परत आल्या, तर त्यांच्या गेटच्या सळ्यांना पिशव्या लटकत होत्या. त्यांच्याच पिशव्या. एकीशेजारी एक, अक्षरं भरलेले कोपरे बाहेर करून. घरात माणूस नाही असं बघून, तिच्या सणाच्या दिवशी, ती प्रार्थनेला गेलेली असताना आणून टांगलेल्या. मीही सकाळपासून हिंगणघाटला बहिणीकडे होते, नुकतीच आले होते. मी ओट्यावरून पाहिलं. बाई गेट न उघडता तशाच उभ्या होत्या. हातातली पर्स खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

मी जाऊन त्यांना आत घेतलं. पिशव्या काढून ओट्यावर आणल्या. ज्या बाईनं आयुष्यभर रागाशिवाय दुसरं काही दाखवलं नाही, ती पदर तोंडात धरून रडत होती. मला वाटत होतं की आत्ताच्या आत्ता दगड घेऊन प्रत्येकाच्या खिडक्या फोडाव्यात. तेवढ्यात रूपाचा नाताळच्या शुभेच्छांचा फोन आला. आईचा आवाज ऐकून तिनं मला विचारलं, मी सांगितलं. ती तिकडून ओरडलीच. "बस झालं आई! घराले कुलूप लाव अन् उद्याच पुण्याला ये. काय ठेवलं हाय तिथं?" बाई म्हणाल्या, "येतो." एवढंच. हे घर त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्यानं उभं केलं होतं, अंगणातला कडुनिंब त्यांनी लावला होता. कोणाच्या एका मजकुरापायी त्या ते सोडून चोरासारख्या जाणार होत्या.

फोन ठेवून त्यांनी एक पिशवी ओढली. नाडी सोडली. आत त्यांचीच कानटोपी, घडी न मोडलेली. आणि तळाशी कागदाच्या पुडीत साखर.

दुसरी उघडली. आत मोजे आणि मूठभर शेंगदाणे. तिसरीत तीळ. एकीत गुळाचा खडा, एकीत तुरीच्या ओल्या शेंगा, एकीत खोबऱ्याची वाटी.

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ताटलीत कोणी करंज्या पाठवल्या तर ताटली परत जाताना त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालायची. रिकामं भांडं गेलं तर नातं तुटलं, असं समजतात. कॉलनीतल्या बायकांना नवऱ्यांनी सांगितलं होतं, पिशवी परत करून ये. त्यांनी केली. पण हात सवयीनं साखरेच्या डब्याकडे गेला. वाळीत टाकायला निघालेल्या बायांना रिकामी पिशवी द्यायची लाज वाटली!

बाईंनी सगळ्या पुड्या एका रांगेत मांडल्या. डोळे पुसले. आणि मग तो आवाज आला, ज्याची मी वाट बघत होते.

"परतही करतेत अन् साखरही घालतेत! काय समजावं मानसानं? नातं ठेवायचं का तोडायचं, एक ठरवा ना बाप्पा!"

शेवटची पिशवी गुल्हानेंची होती. आत साहेबांसाठी केलेली खुर्चीची उशी. बाईंनी ती हातात घेतली, फिरवली आणि चष्मा वर केला. उशीची एक बाजू उसवून पुन्हा शिवलेली होती. आत काय लपवलंय ते बघायला कोणीतरी ब्लेड चालवलं होतं. बाई टाके निरखत होत्या. लांब, तिरके, जाड दोऱ्याचे.

"हे मंदाचे टाके नाईत," त्या म्हणाल्या. "फाईल शिवल्यावानी शिवलं. साहेबानं स्वतः शिवलं हे. उसवलं त उसवलं, शिवायचं तरी नीट होतं!"

मी एवढ्या संतापात असूनही हसले. बाई हसल्या नाहीत. उठल्या, उशी पुन्हा पिशवीत घातली, साखरेची पुडी वर ठेवली, नाडी ओढली. म्हणाल्या, "सुषमा, चाल. या पिशव्या घरोघरी गेल्या त मी राह्यतो. नाई गेल्या त उद्या कुलूप लावतो, रूपाले शब्द दिला हाय." शेवंतीचं फूल केसांतून घसरलं होतं, ते तसंच. मी उरलेल्या पिशव्या दोन्ही हातांत घेतल्या आणि मागे निघाले.

गुल्हाने साहेब अंगणात ऊन खात बसले होते. बाई गेटशी उभ्या राहिल्या. आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा लावला.

"साहेब! तुमच्या घरून माह्या घरी साखर आली!"

साहेब गडबडले. "ते... मंदानं दिली असन."

"मले खिरिस्तावाले घरपोच साखर? नाताळच्या दिवशी? मले हिंदू करून राह्यले का तुमी? एवढ्याशा साखरेत बाटवता मले?"

आजूबाजूच्या दारांत माणसं आली. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "बाई, तसं नाई. आमी तुमच्याबद्दल कुठं काय बोललो? वातावरण खराब हाय, म्हनून..."

"उशीत काय सापडलं?"

साहेब घराच्या दाराकडे बघू लागले.

"कापूसच ना? चांगला पाह्यला ना हात घालून? मी तुमच्या घरात तीस वर्स करंज्या खाल्ल्या साहेब, एकदाही उसवून नाई पाह्यल्या."

तेवढ्यात मंदाताई बाहेर आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या एकेक करून उतरल्या. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाईंच्या हातातली पिशवी घेतली, उशी काढली, नवऱ्याच्या खुर्चीत ठेवली आणि स्वतः त्या खुर्चीत टेकून बसल्या. "मी बसतो याले टेकून," त्या म्हणाल्या. "तुमी उभे राहा." मग बाईंकडे वळून खालच्या आवाजात, "मले म्हनाले परत कर, त केली. चुकलं एस्तेरताई. साखर ठेवजो, ती माह्या मनानं दिली."

त्यानंतर बरीच दारं उघडी झाली. कोणी हसत पिशवी घेतली, कोणी मान खाली घालून घेतली, एकीनं तर गेटपर्यंत पळत येऊन माझ्या हातातून ओढून घेतली. लोक म्हणतील, चला, शेवट गोड झाला. मला तो गोड वाटत नाही. गुल्हाने साहेबांनी तो मजकूर कधी काढला नाही. कोणी त्यांना काढायला लावलाही नाही. सकाळी लाजेचा लवलेश नव्हता तो दुपारी का आला, तर एका म्हातारीनं रस्त्यावर आवाज चढवला म्हणून. ती मुकाट्यानं पुण्याला गेली असती तर याच माणसांनी तिचं घर विकत घ्यायची चौकशी केली असती.

आणि एक दार उघडलंच नाही. समोरच्या घरातलं. अमोल म्हणून तरुण नोकरदार, त्याची बायको, आणि त्यांची परी, तेव्हा बालवाडीत जाणारी. परीसाठी बाईंनी लाल लोकरीचा स्वेटर विणला होता, छातीवर पांढरं बदक. अमोल खिडकीतूनच म्हणाला, "नको आजी. आमचं तुमच्याशी काही वाकडं नाही. पण वाद नको." वाद नको! ज्यांना मजकूर टाकायचा असतो ते निदान टाकून मोकळे होतात. हे वाद नको म्हणणारे दाराला कडी लावून आत बसतात आणि स्वतःला सज्जन समजतात. मला त्यांचा राग जास्त येतो. बाई स्वेटर काखेत धरून घरी आल्या, रूपाला फोन लावला आणि म्हणाल्या, "नाई येत. एक पिशवी देनं बाकी हाय."

कुलूप लागलं नाही. मशीन पुढच्या पोळ्यानंतर पुन्हा सुरू झालं. पिशव्या पुन्हा वाटल्या गेल्या, आणि कोणी परत केल्या नाहीत. समोरच्या घरी बाई दर नाताळाला लाल स्वेटर घेऊन जात, आणि दर नाताळाला खिडकीतून तेच उत्तर घेऊन परत येत. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, द्या ना तो दुसऱ्या कोणाला. लायकी तरी आहे का त्यांची?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

बाई गेल्या त्या एका उन्हाळ्यात. मी तेव्हा मुलाकडे बेंगळुरूला होते, मला पोचता आलं नाही. त्यामुळे माझ्यासाठी शेवटच्या बाई म्हणजे त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, निघायच्या दिवशी सकाळी पाहिलेल्या. गेटला लागून खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या. मांडीवर लाल लोकर. स्वेटरचा खालचा घेर उसवून नवीन लोकर जोडून तो त्या वाढवत होत्या, दरवर्षी वाढवायच्या तसाच. लालच्या खाली जरा वेगळ्या लालचे पट्टे दिसत होते, एकाखाली एक. माझी बॅग हातात, रिक्षा उभी, मी निरोप घ्यायला थांबले.

परी रस्त्यावर सायकल चालवत होती. आता चांगली उंच झाली होती. गेटशी येऊन तिनं पाय टेकला.

"आजी, काय करून राह्यली वं?"

"सोटर."

"कोनाचा?"

बाईंनी समोरच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा हलला आणि थांबला. "जरा पाठ कर इकडं," त्या म्हणाल्या. पोरीनं सायकलवर बसल्या बसल्या पाठ केली. बाईंनी उठून सळ्यांच्या वरून स्वेटर तिच्या खांद्यांना लावून धरला, मनगटापर्यंत बाही ताणून पाहिली आणि जीभ चावली. "आखूडच हाय अजून. वाढते किती ही पोट्टी!"

"कोनाचा हाय, सांग ना!"

"तुह्याच मापाची एक पोरगी हाय," बाई खुर्चीत बसत, सुया हातात घेत म्हणाल्या. "तिच्या बापाले अक्कल आली का देतो तिले."